सहा पोरांची यादी देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत गणित-विज्ञान शिकवतो, नोकरीला तीन वर्षं झाली, सध्या नववीचा वर्गशिक्षक आहे. गेल्या वर्षी आमच्या दहावीला 42 मुलं होती, 30 पास झाली, म्हणजे 71 टक्के. राज्याचा निकाल 94 आणि आमचा हा, त्यामुळे तालुक्याच्या मीटिंगमध्ये हेडसरांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं. शेजारच्या खाजगी शाळेचा 100 टक्के, त्यांचं बॅनर स्टँडवर लागलंय. आता हेडसर म्हणतात की नववीतली जी पोरं दहावी काढूच शकत नाहीत अशा सहा जणांची यादी दे, त्यांना नववीतच नापास करू, नाहीतर पालकांना बोलावून दाखले देऊन टाकू आणि बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावू, पोरांचंही नुकसान नाही, कामधंदा करून परीक्षा देतील. सहातल्या चौघांचे आईवडील ऊसतोडीला जातात. निकाल सुधारला नाही तर पट घसरणार आणि पट घसरला तर शाळाच राहणार नाही, हे हेडसरांचं म्हणणं खोटं नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी कधी वाटतं की या सहांमुळे बाकीचा वर्ग मागे पडतो. यादी दिली तर मन खातं, नाही दिली तर स्टाफमध्ये एकटा पडेन. काय करू?

सर, यादी अजून दिलेली नाही आणि द्यायच्या आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं, याचं मला फार बरं वाटलं. असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही. फरक एवढाच की बाकीची पत्रं यादी देऊन झाल्यावर येतात.

तुम्ही गणिताचे आहात, म्हणून आधी तुमच्याच आकड्यांचं गणित करूया. 42 पैकी 30, म्हणजे 71 टक्के. समजा त्या 42 मधली सहा कच्ची पोरं आदल्या वर्षीच काढून टाकली असती, तर 36 पैकी 30, म्हणजे 83 टक्के. निकाल एका झटक्यात बारा टक्क्यांनी वर. बाराच्या बारा काढली असती तर 30 पैकी 30, शंभर टक्के, तुमचंही बॅनर स्टँडवर. पण पास झालेली पोरं मोजा बरं, तिन्ही वेळेला तीसच आहेत. एकाही पोराला एक जास्तीचं उदाहरण सोडवता आलेलं नाही, एकाही शिक्षकाने जास्त शिकवलेलं नाही, फक्त खालचा आकडा छोटा झाला. हेडसर ज्याला निकाल सुधारणं म्हणतायत ते एवढंच आहे, आणि हे त्यांनाही माहीत असणार, कारण ते वाईट आहेत असं मला तुमच्या पत्रातून अजिबात वाटलं नाही, ते घाबरलेत.

शेजारच्या शाळेचंही हेच गणित एकदा करून बघा. त्यांच्या दहावीला किती बसले आणि किती पास झाले हे बॅनरवर असतं, पण दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यांच्या नववीत किती पोरं होती हे कुठल्याच बॅनरवर नसतं. मी असं म्हणत नाहीये की त्यांनी पोरं काढलीच असतील, मला माहीत नाही, कदाचित खरंच छान शिकवत असतील. पण तो दुसरा आकडा कळल्याशिवाय 100 आणि 71 शेजारी ठेवून लाज वाटून घेऊ नका.

आणि राज्याचा आकडा तरी कुठं एका जागी असतो? दहावीचा राज्याचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता, 2019 ला तो 77.10 वर आला आणि 2020 ला 95.30 झाला. महाराष्ट्रातली पोरं 2019 मध्ये एकदम ढ झाली आणि पुढच्या वर्षी एकदम हुशार झाली, असं तर कुणी म्हणणार नाही ना. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा, सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण बंद केले होते, 2020 ला ते परत आले, शिवाय लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि त्याचे सरासरीने गुण मिळाले. 2021 ला तर परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला, 99.95 टक्के. म्हणजे टक्का हा पोरांबद्दल जेवढं सांगतो तेवढंच तो मोजायच्या पद्धतीबद्दल सांगतो, आणि 42 च्या वर्गात एक पोर इकडचं तिकडं झालं तरी निकाल सव्वादोन-अडीच टक्क्यांनी हलतो. हे लक्षात ठेवून मग त्या 12 नापास पोरांकडे बघा, त्यांची काळजी वाटलीच पाहिजे, मलाही वाटते, पण ती काळजी यादी करून मिटत नाही.

आता सतरा नंबरबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून बोर्डाने ठेवलेली ही सोय आहे, फॉर्म नंबर 17, आणि सोय म्हणून ती फार चांगली आहे. लवकर लग्न झालेली बाई, गॅरेजवर काम करणारा पंचवीस वर्षांचा माणूस, आजारपणात शाळा सुटलेली पोरगी, अशा कितीतरी जणांनी त्यावर दहावी काढलीय आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. पण ती सुटलेल्यांसाठी आहे, सोडवलेल्यांसाठी नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला, ज्याला रोज वर्गात बसून जमत नाहीये, त्याला आपण म्हणतो की आता वर्गात न बसता, शिक्षक नसताना, दिवसभर काम करून तेच जमव. सर, जे पोर सगळ्यात कच्चं त्याच्यासाठी आपण सगळ्यात अवघड रस्ता निवडतोय. बोर्ड नियमित मुलांचा आणि खाजगीरीत्या बसलेल्यांचा निकाल वेगवेगळा काढतं, त्यामुळे ते पोर तुमच्या शाळेच्या टक्क्यातून जातं, आणि एकदा टक्क्यातून गेलं की त्याचं काय झालं हे विचारणारं कुणी उरत नाही. आठवीपर्यंत निदान शिक्षणहक्क कायदा आहे, नववी-दहावी त्याच्या बाहेर, म्हणून हे सगळं नववीतच घडतं.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका अनुदानित शाळेत होते आणि माझ्याकडेही अशीच यादी मागितली होती, तीन नावांची. मी दिली. तेव्हा मीही हेच म्हणाले की पोराचं नुकसान नाही, बाहेरून देईल. त्यातल्या एकाचे वडील दाखल्यावर अंगठा उठवून गेले, जाताना मला नमस्कार करून गेले. फॉर्म आम्हीच भरून दिला, संपर्क केंद्र, म्हणजे बाहेरून बसणाऱ्याला जोडून दिलेली शाळा, निघालं चौदा किलोमीटरवर. पोरगा तोवर वीटभट्टीवर जायला लागला होता. फेब्रुवारीत त्याचं हॉलतिकीट कुणीतरी आमच्या शाळेत आणून दिलं, त्याच्या ओळखीचं कुणी आलं तर द्या म्हणून. ते क्लार्कच्या कपाटात हजेरीपत्रकाच्या गठ्ठ्यावर पडून होतं, फोटोत त्याने शर्टाचं वरचं बटण लावलेलं, केसाला तेल लावून चापून भांग पाडलेला. परीक्षा संपली, ते तिथंच होतं. आमचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला आणि शाल-श्रीफळ घेताना मी पहिल्या रांगेत उभी होते. तो फोटो मला अजून दिसतो, म्हणून तुमचं मन खातंय ते खाऊ द्या, त्याचं ऐका.

पण नुसतं मनाचं ऐकून वर्ग चालत नाही हेही मला कळतं, त्यामुळे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर येते. "दहावी काढूच शकत नाहीत." हे कशावरून ठरलं? सहामाही आणि वार्षिकच्या गुणांवरून ना? तुम्ही त्या सहांचे पेपर परत काढा, टोटल बघू नका, एकेक प्रश्न बघा, कुठं कोरं सोडलंय, कुठं अर्धं लिहून सोडलंय, कुठं रीत बरोबर आणि वजाबाकी चुकलीय. संकलित चाचण्या घेऊन आपण गुण भरतो आणि पेपर बांधून ठेवतो, खरं काम त्या बांधलेल्या गठ्ठ्यात असतं.

मागच्या मे महिन्यात आमच्या ओट्यावर चार-पाच पोरं यायची. त्यातल्या एका मुलीला शाळेने गणितात शून्य म्हणून सोडून दिलं होतं. तिला मी एक उदाहरण दिलं, एका सभागृहात पहिल्या रांगेत 12 खुर्च्या आहेत, पुढच्या प्रत्येक रांगेत आधीच्या रांगेपेक्षा 3 खुर्च्या जास्त, तर दहाव्या रांगेत किती? ती नुसती वहीकडे बघत बसली, पेन्सिल तोंडात. मी वाट बघितली. बऱ्याच वेळाने म्हणाली, बाई सभागृह म्हणजे काय? म्हटलं अगं गॅदरिंगला मांडव घालतात, खुर्च्या मांडतात, तसं समज. मग ती बोटांवर सुरू झाली, बारा, पंधरा, अठरा, अशी करत करत एकोणचाळीसला येऊन थांबली. उत्तर बरोबर. मी विचारलं, तीन किती वेळा मिळवलेस? दहा वेळा म्हणाली, मग स्वतःच परत बोटं मोजली आणि म्हणाली, नाही बाई, नऊ वेळा, पहिल्या रांगेला नाही मिळवायचे. सर, सूत्रातलं एन वजा एक, म्हणजे रांगांपेक्षा एक कमी, तिच्या बोटांवर आलं होतं! तिला गणित येत नव्हतं असं नाही, तिला गणिताचं मराठी वाचता येत नव्हतं, आणि हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं आहे. तुमच्या सहांपैकी निदान दोघं तरी असे निघतील, मी पैज लावून सांगते.

एखादं पोर असंही निघेल जे तोंडी सगळं सांगतं पण लिहिताना अक्षरं उलटीपालटी होतात, वाचताना ओळी सुटतात. त्याला आळशी म्हणून सोडू नका, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. पण हे दहावीच्या जानेवारीत आठवून उपयोग नाही, नववी संपतानाच सुरू करावं लागतं, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा.

या सहांमुळे बाकीचा वर्ग मागे पडतो असं तुम्ही लिहिलंय, आणि ते लिहायला तुम्हाला जड गेलं असेल. वेळ जातो हे खरं आहे, नाकारत नाही. पण माझा अनुभव असा की ज्या दिवशी मी सगळ्यात कच्च्या पोरासाठी अपूर्णांक परत घेतले त्या दिवशी मधल्या रांगेतली सात-आठ पोरं पण मान हलवायला लागली, त्यांनाही ते कधी कळलेलंच नव्हतं, फक्त ती गप्प बसून 40 गुण काढत होती. गेल्या वर्षीच्या 12 नापासांत अशी काठावरची किती होती ते बघा. सहा काढले म्हणून मधली रांग सुधारत नाही, पुढच्या वर्षी मधल्या रांगेतलीच सहा पोरं "सगळ्यात कच्ची" ठरतात आणि परत यादी निघते.

मग करायचं काय. पट आणि निकालाचं टेन्शन खरं आहे, त्यामुळे हेडसरांकडे नुसतं "मी यादी देणार नाही" म्हणून जाऊ नका, हातात दुसरा कागद घेऊन जा. त्या कागदावर सहा जणांची नावं असू द्यात, पण प्रत्येकापुढे तो नेमका कुठं अडलाय, कुठला विषय आधी धरायचा, कोण शिक्षक किती दिवस घेणार, एवढं लिहा. स्टाफमधला एक तरी माणूस आधी बरोबर घ्या, इंग्रजीचे किंवा मराठीचे कुणी, कारण एकट्याने बोललं की तो हट्ट वाटतो. आणि भांडू नका, एकांतात बोला, मीटिंगमध्ये नको, हेडसरांचा एकदा सगळ्यांसमोर अपमान झालाय, दुसऱ्यांदा तुमच्याकडून नको. त्यांना हेही सांगा की सहा दाखले दिले तर पट आजच सहाने कमी होतो. ज्या पटाच्या भीतीने हे चाललंय, जो संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरवतो, तो आपण आपल्याच हाताने खाली आणतोय. पुढच्या वेळी तालुक्याला विचारलं तर नववीच्या जूनमध्ये किती होते, दहावीला किती बसले, किती पास झाले, हे तिन्ही आकडे मांडा म्हणावं.

ऊसतोडवाल्या चौघांचं वेगळं बघावं लागेल. दिवाळीच्या आसपास टोळ्या गेल्या की पोरं एकतर बरोबर जातात नाहीतर आजीजवळ राहतात, आणि दहावीची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. त्यामुळे त्यांचं वर्ष दिवाळीला संपतं असं धरून चाला. जून ते ऑक्टोबर एवढ्यात त्यांचं महत्त्वाचं सगळं झालं पाहिजे. लेखी 80 आणि अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे 20 मिळून 35 चा हिशोब असतो आणि ही पोरं ते 20 घालवतात, कारण प्रयोगवही, तोंडी, गृहपाठ, सगळं आपण डिसेंबर-जानेवारीत घेतो आणि तेव्हा ती फडात असतात. यांचे प्रयोग, तोंडी, वह्या दिवाळीआधी खरोखर करून घ्या, फुकट गुण वाटा असं मी म्हणत नाहीये. दहावीच्या वर्षी तरी पोर मागे राहावं म्हणून प्रयत्न करा, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, तुमच्या तालुक्यात जागा आहे का ते जूनच्या आधी कळलं पाहिजे. मुलगी असेल तर आजीला जाऊन भेटा, बऱ्याच ठिकाणी धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून तिला बरोबर नेतात.

आणि एवढं करूनही एखादं पोर दहावीला नापास झालं तर? होऊ द्या. हे मी मुद्दाम लिहितेय. नियमित बसून नापास झालेल्या पोराला जून-जुलैत लगेच पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, राहिलेले विषय नंतर देता येतात. म्हणजे ते साखळीत राहतं. नववीत दाखला घेऊन गेलेलं पोर साखळीतून बाहेर जातं. नापास झालेल्या पोरांना निकालाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावून पुरवणीचे फॉर्म भरून घ्या, गेल्या वर्षीच्या त्या 12 जणांना कुणी बोलावलं होतं का? नसेल तर तिथूनही सुरुवात करता येईल, त्यातले काही अजून गावातच असतील.

नववीत नापास करणं कधीच बरोबर नसतं असंही माझं मत नाही. वर्षातले सहा महिने आजारी असलेलं पोर, पालक आणि पोर दोघांनाही वाटतंय की एक वर्ष परत करावं, तर जरूर करा. ते ठरवताना पोराचा चेहरा समोर असावा, निकालपत्रकाचा टक्का नको.

हे वाचणाऱ्या पालकांनाही दोन शब्द. शाळेने बोलावून दाखल्याच्या अर्जावर सही मागितली तर तिथल्या तिथं करू नका. घरी विचार करून सांगतो म्हणा, पोराचे पेपर दाखवा म्हणा. सतरा नंबरने सगळं तेच मिळतं असं कुणी सांगितलं तर विचारा, रोज शिकवणार कोण आणि संपर्क केंद्र कुठं आहे. शाळेत ऐकून घेतलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लिहिता येत नसेल तर गावातल्या कुणा शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या, त्यात लाज नाही.

एकटं पडायची तुमची भीती, सर, ती मी हलकी समजत नाही. तीन वर्षांच्या नोकरीत हेडसरांना नाही म्हणणं सोपं नसतं, मला तर बारा वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं. थोडे दिवस स्टाफरूममध्ये बोलणं कमी होईल, कदाचित. पण तुमच्यासारखंच वाटणारा पण न बोलणारा एक तरी जण तिथं बसलेला असतो.

नववीचा निकाल 1 मेच्या आसपास लागेल, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. हेडसरांकडे जायच्या आधी एक काम करा, त्या चौघांच्या घरी जाऊन या. टोळ्या आता परत आल्यात, आईवडील गावात आहेत, दिवाळीनंतर भेटायचं म्हटलं तरी भेटणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा घरी कुणी नसतं. पोराची वही बरोबर न्या आणि त्याला काय येतं ते आधी दाखवा.